दगडाखालचं जित्राब

ओढ्याची तब्येत पाहायची तर पाणी पाहून भागत नाही, दगड उलटावा लागतो. त्याच्या खालच्या ओल्या अंगाला चिकटलेल्या अळ्या आणि गोगलगायी मोजल्या, की ओढा ठणठणीत आहे की खंगतोय हे मी छातीठोकपणे सांगते. परवा असाच एक दगड मोजला, वहीत आकडा लिहिला आणि दगड पाण्यात टाकून दिला. तो उथळ पाण्यात उलटाच पडला, ओलं पोट वर, उन्हात करून.

काठावर दोन म्हशींना पाणी पाजत पारूमावशी उभी होती. ती म्हणाली, “अगं, आतलं जित्राब उन्हात पडलं की!”

जित्राब म्हणजे गोठ्यातली गुरंढोरं, एवढंच मला ठाऊक होतं. तिनं तो शब्द तांदळाएवढ्या अळ्यांना सहज लावला. माझ्यापाशी त्या प्रत्येक अळीचं शास्त्रीय नाव आहे, आणि ते चुकत नाही. पण त्या नावांनी मला कधी वाकून दगड सरळ करायला लावलं नव्हतं. जित्राब म्हटलं की त्याच्या सावलीची, त्याच्या गोठ्याची जबाबदारी आपल्या अंगावर येते. गुरं मोजणारा माणूस त्यांना उन्हात सोडून घरी जात नाही.

मी तो दगड सरळ केला आणि पुढचा उचलून मोजला.

“किती भरली?” मावशीनं विचारलं.

“तेवीस.”

“मग बांध आता जित्राबं जाग्यावर.”