समोरच्या रांगेची ओळ

समोरच्या इमारतीवर आज यंत्राने घरघरत स्लॅब ओतला आणि मला गच्च्या चोपणाऱ्या सखूमावशी आठवल्या. पूर्वी चुन्याची गच्ची लाकडी चोपण्यांनी चोपताना बायका समोरासमोर दोन रांगांत बसून गाणी म्हणत. ती गोळा करायला मी टेपरेकॉर्डर मिरवत, नाटकातल्या राजासारखा मावशींच्या खोलीत शिरलो होतो.

"मावशी, गा!"

"रिकाम्या हातानं? चोपणं दे आधी, मेल्या."

चोपणं कुठलं आणणार? मी त्यांचाच पोळपाट पुढे केला. तो फरशीवर आपटत त्यांनी खणखणीत ओळ म्हटली आणि त्या थांबल्या; पोळपाट मात्र चालूच.

"पुढची?"

"ती समोरच्या रांगेनं म्हणायची."

"त्या बायका कुठायत?"

"गेल्या सगळ्या. तू म्हण की!"

मला कुठली येणार? माझ्या टेपवर ती एकच ओळ आहे. तिच्यानंतर नुसता पोळपाट वाजत राहतो, उत्तराची वाट बघत.