दुसरं खातं

पवनीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी आम्हाला सेंद्रिय रसायनाची एक वेबसाइट लावून दिली. तिच्यावर पर्याय निवडायचे नसत. स्क्रीनवर रेणू यायचा आणि अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बोटाने बाण ओढून दाखवायचं. चुकलं की एक सूचना यायची आणि थोडे गुण जायचे. तीनदा चुकलं की उत्तर उघडायचं आणि त्या प्रश्नाला शून्य.

वर्गातली माझी मैत्रीण लाखांदूरकडच्या खेड्यातून एसटीने यायची. तिच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून कॉलेज सुटलं की ती आमच्या घरी यायची. पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग चालू असे, मागच्या खोलीत आम्ही दोघी. आधी ती माझ्याच मोबाइलवर तिच्या खात्यातून सोडवायची. एकेका प्रश्नाला अर्धा अर्धा तास लावायची. सूचना दोनदा वाचायची, वहीत रेणू काढायची, खोडायची आणि बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या प्रयत्नात तिला जमायचं.

मला तेवढा धीर नव्हता. मी आईच्या नावाने दुसरं खातं उघडलं. त्यात तोच प्रश्न मुद्दाम तीनदा चुकवायचा, उघडलेलं उत्तर वहीत उतरवायचं आणि माझ्या खात्यात पहिल्याच फटक्यात बरोबर बाण ओढायचा. तिने एकदा विचारलं, तुला एवढ्या लवकर कसं सुचतं? मी म्हटलं, "मले दिसते वं, बाण कुठं जाईन ते." तिने ते खरं मानलं.

सरांनी गुण पाहून नागपूरच्या रसायनशास्त्राच्या शिबिरासाठी एकच नाव पाठवलं, माझं. तिथे दुसऱ्याच दिवशी मला फळ्याकडे बोलावलं. साधा प्रश्न होता. दुहेरी बंधावर आम्ल आलं, आता पहिला बाण कुठून? मी तो हायड्रोजनपासून काढला. इलेक्ट्रॉन तर दुहेरी बंधाकडे होते, बाण तिथून निघायला हवा होता. आमच्या मागच्या खोलीत मैत्रिणीने हेच मला दोनदा समजावून सांगितलं होतं, पण माझं लक्ष नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे जागेवर बसायला सांगितलं. उरलेले दिवस मी शेवटच्या बाकावर काढले.

पण तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. तिसऱ्या वर्षाला विषय ठरवताना मैत्रिणीने रसायनशास्त्र सोडलं. माझं डोकं त्यात चालत नाही, असं तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, ठीक आहे. मी तिच्या शेजारीच उभी होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी हातातला फॉर्म वाचत राहिले.

पुढे मी एम.एस्सी. केलं, ज्युनिअर कॉलेजात रसायन शिकवायला लागले. ते पहिलं वर्ष संपल्यावर रोवणीच्या दिवसांत मी तिच्या गावी गेले. ती बायांबरोबर बांधीतल्या चिखलात वाकून धानाची रोपं लावत होती. मला पाहून धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर येऊन बसली. मी सगळं सांगितलं, आईच्या नावाच्या खात्यापासून फॉर्मपर्यंत.

तिने पायाचा चिखल काढला. मग म्हणाली, "मार्कांचं काही नाही वं. पण मले वाटे का मीच ढ आहो. कायले नाही सांगतलं तवा?"

भीती वाटली, एवढंच मला म्हणता आलं. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. नंतर घरी नेलं, चहा पाजला, एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत आली आणि गाडी येईपर्यंत यंदाच्या पावसाबद्दल बोलत राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.