नव्वदच्या पुढची थरथर

माझे पती जहाजावर इंजिनिअर होते. आमच्या संसाराची बहुतेक वर्षं ते समुद्रावर आणि मी रत्नागिरीत, मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. ते सुट्टीवर यायचे, घरातले नळ, पंखे, मिक्सर सगळं उघडून पुन्हा बसवायचे, आणि मला त्यांच्या असण्याची सवय होते न होते तोवर बॅग भरायला घ्यायचे. मुलगी मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली. मग एकदाचे ते कायमचे घरी आले, आणि आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी मुंबईहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली.

निळी, लांब नाकाची, जमिनीला टेकलेली. दोनच माणसं बसतील अशी. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून ती तिरकी करून काढावी लागायची, नाहीतर पोट घासायचं. मागच्या कप्प्यात बाजाराची एक पिशवी कशीबशी मावे. मी विचारलं, ही घेऊन आपण करणार काय? ते म्हणाले, तरुणपणी कुठल्याशा बंदरात अशी एक गाडी उभी पाहिली होती, तेव्हापासून मनात होतं. एवढी वर्षं मनात होतं आणि मला माहीत नव्हतं, याचंच मला जास्त नवल वाटलं.

लांज्याच्या पुढे, राजापूरच्या बाजूला महामार्ग रुंद आणि मोकळा आहे. तिथे पहिल्यांदा नेली तेव्हा गाडीतला दोष कळला. ऐंशीपर्यंत काही नाही. नव्वद ओलांडले की थरथर सुरू व्हायची, शंभरला वाढायची, आणि एकशेदहाच्या पुढे पुन्हा थोडी कमी व्हायची. त्यांनी वेग उतरवला, गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडे बघून हसले. गाडीत बिघाड निघाला म्हणून खूश झालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या सुमारास त्यांना घरात करमत नव्हतं. मी शाळेतून येईपर्यंत ते गच्चीवर बसून बंदराकडे बघत असायचे. आता त्यांना काम मिळालं. दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. शोध कसा घ्यायचा ते त्यांनी मला समजावून सांगितलं. शंभरच्या वेगात गाडी न्यूट्रलला टाकायची. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा दोष नाही. ती तशीच राहिली. मग तोच वेग वेगवेगळ्या गिअरमध्ये धरून पाहिला. फरक पडला नाही. म्हणजे जे काही होतं ते चाकांबरोबर फिरणारं होतं. पुढची चाकं असतील तर स्टिअरिंग थरथरतं, मागची किंवा इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट असेल तर सीट.

“सांग गो, तुला कुठे जाणवतं?” ते विचारायचे.

मी नीट लक्ष देऊन सांगायचे, की सीटमध्ये, पाठीला, थोडं पायाखाली. माझ्या हातात स्टिअरिंग नव्हतं, त्यामुळे त्याचं मी काय सांगणार? ते म्हणायचे, मलाही सीटमध्येच जाणवतं, स्टिअरिंग स्वच्छ आहे. दोष मागे आहे.

याच माणसाबद्दल त्यांच्या जहाजावरचे लोक मला सांगत असत, की साहेब चालू पंपावर नुसता तळवा ठेवतात आणि आतलं कुठलं बेअरिंग जाणार आहे ते सांगतात. मग मी त्यांच्या बोलण्यावर शंका घेण्याचं कारणच नव्हतं. टायरवाल्यानेही घेतली नाही. त्याने चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, वजनं लावून मशिनचा काटा शून्यावर आणला. तरी थरथर राहिली. तो गाडी शहरात एक फेरी मारून आणायचा, तिथे काही कळायचंच नाही, आणि महामार्गावर हे दुसऱ्या कुणाला नेऊ देत नसत. साहेब मागे म्हणतात तर मागेच, असं म्हणून तो कामाला लागायचा. मागचे टायर नवीन घातले. मागच्या रिम उतरवून फिरवून पाहिल्या, सरळ निघाल्या. मग गाडीखालचा लांब शाफ्ट उतरवून कोल्हापूरला पाठवला, ट्रकचे शाफ्ट जिथे बॅलन्स करतात तिथे. तिथल्या माणसाने तो चांगला आहे असं सांगून परत पाठवला. यात पावसाळा निघून गेला.

खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. गाडी बरी झाली की रविवार संपतील, असं मला वाटायचं. गाडीत दोघांची नजर समोर रस्त्यावर असते, त्यामुळे घरात समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते तिथे बोलता येई. आमचं पहिलं मूल, मुलगा, चाळीस दिवसांचाही झाला नव्हता तेव्हा तापाने गेला. हे तेव्हा भर समुद्रात होते. निरोप पोहोचला, माणूस पोहोचू शकला नाही. सगळं माझ्या सासऱ्यांनी केलं. पुढे मुलगी झाली, सुखाने वाढली, आणि त्या बाळाचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. एका रविवारी, परतताना, त्यांनी रस्त्यावरून नजर न हलवता विचारलं, “तो दिसायला कसा होता?”

मी सांगितलं. कान तुमच्यासारखे होते. रडताना आवाज यायचा नाही, नुसता चेहरा लाल व्हायचा. त्याला कफनात ठेवताना मला खोलीबाहेर बसवलं होतं, तेही सांगितलं.  घरी आल्यावर ते बराच वेळ गाडीतच बसून राहिले, आणि मी त्यांना हाक मारली नाही.

थंडी पडू लागली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही पुन्हा त्याच रस्त्यावर होतो. शाफ्ट परत बसवल्यानंतरची ती पहिली फेरी. उन्हं डाव्या बाजूने तिरकी आत येत होती. काटा नव्वदवर गेला, थरथर सुरू झाली, आणि मी सहज त्यांच्या हातांकडे पाहिलं. मनगटावर त्यांचं घड्याळ सैल पट्ट्याचं होतं. ते इतकं हलत होतं की त्याच्या काचेचा कवडसा छतावर नाचत होता. बोटं, अंगठी, शर्टाची बाही, सगळं थरथरत होतं.

“स्टिअरिंगला काहीच नाही बघ,” ते म्हणाले. “दोष मागेच आहे.”

मी हात पुढे करून स्टिअरिंगवर ठेवला. माझ्या कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग वेग कमी करत गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. रस्त्यापलीकडे काजूच्या बागेत कुणीतरी पाला पेटवला होता, त्याचा धूर येत होता. मी विचारलं, तुम्हाला हे कळत नाही? त्यांनी दोन्ही तळवे उलटे करून मांडीवर ठेवले.

“हातांना काही कळेनासं झालंय,” ते म्हणाले. “पायांनाही. तुला कसं सांगायचं ते सुचत नव्हतं.”

आणि मग एकेक गोष्ट मला दिसायला लागली. शर्टाची बटणं लावायला त्यांना लागणारा वेळ. चालताना मागे राहून गेलेली चप्पल, आणि ती राहिल्याचा पत्ताच नसणं. तव्याला टेकून भाजलेलं बोट, जे मी दाखवेपर्यंत त्यांनी पाहिलं नव्हतं. मी हे सगळं वयावर घातलं होतं. त्यांना मधुमेह होता, जहाजावर असतानाच निघाला होता, आणि गोळ्या घेतो म्हणून ते मला गप्प करायचे. त्यांना वाटलं होतं, हातापायांचा बधिरपणा इंजिनरूममधल्या कामाने आला असेल, घरी आराम केला की जाईल. पण सगळ्यात जास्त भीती मला वाटली ती पायांची. ब्रेकवर पाय किती दाबला आहे हेही त्यांना कळत नव्हतं; इतके महिने ते अंदाजाने, गाडी किती हळू झाली ते बघून दाबत होते, आणि मी शेजारी निर्धास्त बसले होते.

“उठा,” मी म्हटलं. “मी चालवते.”

गाडी चालवायला मी केव्हाच शिकले होते, पण त्या गाडीला त्यांनी मला तोवर हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या जागी बसले. घरापर्यंत मी चाळीसच्या वर गेले नाही. हातखंब्याला एका एसटीने मागून हॉर्न वाजवून वाजवून आमचा जीव काढला.

डॉक्टरांनी पायाला सुई टोचून पाहिली, कंप पावणारा एक चिमटा घोट्यावर धरून विचारलं, कळतंय का? ते डोळे मिटून बसले होते. कळतंय, म्हणाले. डॉक्टरांनी चिमटा केव्हाच उचलला होता. नसा मेल्या आहेत, आता साखर सांभाळायची म्हणजे आणखी जाणार नाहीत, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. बाहेर आल्यावर यांनी मला एवढंच विचारलं, की चिमटा त्यांनी कधी उचलला होता. मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.

गाडीचा दोष मग लगेच सापडला. त्यांनी स्वतःच टायरवाल्याला फोन करून सांगितलं, की माझी चूक झाली, पुढची चाकं बघ. पुढच्या डाव्या रिमची आतली कड वाकलेली होती. कधीतरी, आधीच्या मालकाच्या हातून, ती खड्ड्यात आपटली असणार. बाहेरून दिसत नव्हती, आणि वजनं लावून मशिनवरचा काटा शून्यावर येत असला तरी वेगात चाक डुलत होतं. दुसरी रिम बसली तेव्हा हे दुकानाबाहेर बाकावर बसले होते. टायरवाला त्यांना वाकलेली कड दाखवायला घेऊन आला. त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली. बोट फिरवलं नाही.

त्या रविवारी गाडी मी चालवली. त्यांनी शंभर म्हटलं म्हणून शंभरवर नेली. गाडी एका रेषेत, न हलता पळत होती.

“आता?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“स्टिअरिंग?”

“एकदम शांत.”

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि डोकं मागे टेकवलं. पुढच्या उतारापर्यंत ते तसेच होते.

नंतरचं फार लांबवत नाही. साखर सांभाळली तरी व्हायचं ते झालं. ऐन उन्हाळ्यात त्यांच्या बुटात एक खडा गेला आणि दिवसभर तिथेच राहिला. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा रक्त मला दिसलं. जखम भरेना, वर चढत गेली, आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मुलगी रजा घेऊन आली. शुद्धीवर आल्यावर ते तिला म्हणाले, “रडू नको. मला तो तसाही नव्हताच.” ती बाहेर जाऊन रडली.

घरी आल्यावर त्यांनी एकच मागणी केली. दाभोळला, आईवडिलांच्या कबरींवर फातिहा पढायला जायचं होतं. मुलगी म्हणाली, मोठी गाडी भाड्याने करू, त्या ठेंगण्या गाडीत तुम्हाला बसवायचं कसं? त्यांना निळीच हवी होती. शेजारच्या दोघांनी त्यांना उचलून आत बसवलं. मी सावकाश नेली, मध्ये दोनदा थांबवली. कब्रस्तानाच्या भिंतीशी पोहोचलो तर त्यांना बाहेर काढणारं कुणी नव्हतं. त्यांनी काच खाली केली आणि तिथूनच दुवेसाठी हात उचलले. गावातले एकदोन वृद्ध ओळखून जवळ आले, त्यांच्याशी बोलण्यासाठी पार कमरेत वाकले. आमच्या मुलालाही तिथेच ठेवलं आहे. त्यांनी मला ती जागा विचारली. भिंतीच्या आत, सासऱ्यांच्या पायाशी, जांभ्याचा एक छोटा दगड उभा केलेला आहे. मी बोट दाखवलं. गाडी इतकी खाली होती की त्यांना भिंतीवरून पलीकडचं काही दिसत नव्हतं. तरी ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

पुढच्या रमजानच्या आधीच ते गेले. झोपेत, पहाटेच्या सुमाराला. मी उठवायला गेले तेव्हा त्यांचा हात चादरीबाहेर होता.

गाडी वर्षभर अंगणात झाकून ठेवली होती. मुलीला ती नको होती, आणि मला एकटीला शंभरच्या वेगाने जायचं कुठे होतं? चिपळूणचं एक तरुण जोडपं ती घ्यायला आलं. मुलीने रीत म्हणून त्यांना विचारलं, महामार्गावर चालवून बघायची आहे का. ते तासाभराने परत आले. नवरा म्हणाला, फार छान सांभाळली आहे तुम्ही, वेगात कुठे हलत नाही की आवाज नाही. बायको मात्र अजून आतच बसून होती, आरशात बघून केस नीट करत होती. मी किल्ली दिली, मुलीने कागद दिले. ते निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. गतिरोधकावर पोट घासेल, तिरकी काढा, असं मी त्यांना ओरडून सांगितलं, पण काचा बंद होत्या.