कोणती पिशवी

आईची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्या उन्हाळ्यात तिच्या साडीला पुन्हा रक्ताचे डाग दिसायला लागले. देवळीच्या डॉक्टरांना तिने सांगितलं, "माही पिशवी तं कवाचीच काढली." पिशवीच नाही म्हटल्यावर त्यांनी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या. डाग थांबेनात. शेवटी मी तिला पिपरी मेघेला माझ्या घरी आणलं आणि तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनाही आईने तेच सांगितलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"मावशी, कोणती पिशवी?"

"पिशवी म्हंजे पिशवी. बाईले कितीक असतेत?"

बाईंनी तिला झोपवून पोट पाहिलं. उजव्या बरगड्यांखाली तिरपा व्रण होता. ओटीपोटावर टाक्याची खूणही नव्हती.

"ऑपरेशनच्या आधी कुठं दुखायचं?"

आईने व्रणावरच हात ठेवला. "अठीसा. खडे झालते म्हने."

"मग पित्ताची पिशवी काढली. गर्भाची आहे तिथंच आहे."

ते ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत होते. घरात सगळ्या बायका पिशवी म्हणत आणि जी ती आपल्या मनाने समजून घेई. मीही गर्भाचीच समजत आले होते. आईची पाळीही त्याच सुमाराला गेली, म्हणून कुणाला शंका आली नाही. बाईंनी लगेच सोनोग्राफी करायला लावली, मग तुकडा तपासायला पाठवला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. आईला आम्ही पिशवीत कॅन्सरची एक गाठ आहे, असं सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन वॉर्डात आले. "गर्भाशय, दोन्ही अंडाशय आणि बाजूच्या गाठी काढू," एवढं बोलून ते वळले.

आई उठून बसली. "पयले एक गाठ सांगतली. आता गाठी म्हंता? मंग मले फाडता कायले? पोरी, मले घरी ने."

तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. मलाही खरं काय ते कळत नव्हतं. मी विचारलं, "डॉक्टर, म्हणजे पसरलाय का?"

ते दारातून परत आले आणि स्टूल ओढून आईसमोर बसले. "माझा शब्द चुकला, मावशी. त्या कॅन्सरच्या गाठी नाहीत. लसिकाग्रंथी म्हणतात त्यांना. तुम्हाला आहेत, मला आहेत, प्रत्येकाला असतात. आजार तिथवर गेला का, हे बघायला काढतो."

"गेला असंन तं?"

"तर पुढचे उपचार करू. आज मी काही सांगू शकत नाही."

आई माझा हात सोडून म्हणाली, "मंग तसं सांगा ना. करा."

ऑपरेशन नीट पार पडलं. रिपोर्ट यायचा होता. नातेवाइकांचे फोन येत, "किती गाठी निघाल्या?" मी प्रत्येकाला समजावून सांगे आणि फोन ठेवला की तीच भीती पुन्हा छातीत येऊन बसे.

ग्रंथींमध्ये काही नव्हतं. रिपोर्ट ऐकून आईने डोळ्यांना पदर लावला, आणि तिथंच देवळीच्या बसची वेळ विचारली. टाके निघेपर्यंत तिला थांबवायला मला चांगलंच भांडावं लागलं.