अबू नासरच्या रायफलची खटक-खटक

सुतारकाम करणाऱ्याकडे भुसा साचतो तसे किस्सेही साचतात. भुसा संध्याकाळी झाडून टाकता येतो. किस्से मात्र मी महबूला भागातल्या आमच्या खोलीवर न्यायचो आणि जेवताना सगळ्यांना सांगायचो. मी हळू बोलतो. एक किस्सा संपेपर्यंत त्यांची ताटं धुऊन व्हायची!

नव्वदनंतरची, युद्ध संपल्यानंतरची वर्षं. कुवेत सिटीत शिकारीच्या रायफली दुरुस्त करायचं आमचं दुकान. मी लाकडी दस्ते बसवायचो. सावंतवाडीचा बाळा परब लोखंडाचं बघायचा. केरळचा युसूफ काउंटर आणि चहा सांभाळायचा. मालक अबू नासर. भिंतीवर त्यांच्या वडिलांची जुनी लिव्हरची रायफल असायची. रोज सकाळी शटर अर्धं वर करून ते ती खाली काढत, आत गोळी नाही ना बघत आणि चापाखालचा लिव्हर एकदा पुढे-मागे करत. खटक-खटक! मगच शटर पूर्ण वर.

"हा अडकेल त्या दिवशी दुकान बंद," ते म्हणत. "तुम्ही घरी, मी घरी!"

आम्हा तिघांचे व्हिसा त्याच दुकानावर. खटक-खटक होईपर्यंत आम्ही श्वास रोखून उभे!

*

ती रायफल पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी फक्त लिव्हर बंद करून बघितला. अक्रोडाचं लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये नखसुद्धा जात नव्हतं. मी म्हणालो, "कपाटाचं दार असं लागलं पाहिजे!"

परब म्हणाला, "तात्या, बंदूक आहे ती. आत साड्या ठेवू नका!"

*

एक तरुण गिऱ्हाईक नवीकोरी रायफल घेऊन आलं. प्लॅस्टिकचा दस्ता, वर भलीमोठी दुर्बीण. भिंतीकडे बघून त्याने विचारलं, "बाबा, त्या जुनीतून किती लांबचं दिसतं?"

अबू नासर म्हणाले, "माझ्या डोळ्यांना दिसेल तेवढं. त्याच्या पुढचं जनावर माझं नाही."

*

सुट्टीला जाताना मी चिरलेला एक दस्ता घरी नेला. लाकूड टाकवत नव्हतं. गावात बातमी झाली, तात्याने बंदूक आणली! वानरांनी झाडावर एक नारळ शिल्लक ठेवला नव्हता, त्यामुळे निम्मी वाडी अंगणात. "खंय हा बंदूक?"

आमची मंडळी विहिरीवरून आली. तिच्या हातात दस्ता, त्याने ती गोधडी धोपटत होती. म्हणाली, "ही बघा! आवाज करते, पण गोळी नाय!"

*

लिव्हर अडकू नये म्हणून मी संध्याकाळी निघताना गुपचूप त्यात तेलाचा थेंब सोडायचो. एका सकाळी खटक-खटक झाली आणि अबू नासरच्या पांढऱ्याशुभ्र, पायघोळ अरबी दिश्दाशावर तेलाचा हा एवढा डाग पडला!

त्यांनी आमच्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. नवल म्हणजे परब आणि युसूफही छताकडेच बघत होते.

*

मग एकदा धुळीचं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी शटर अर्धं वर. अबू नासरनी लिव्हर ढकलला. हलेना. पुन्हा ढकलला. हलेना.

परब कुजबुजला, "तात्या, बॅग भरा."

अबू नासरनी फटीत बोट घातलं. काळा चिखल निघाला. तेल आणि धूळ. त्यांनी वास घेतला.

"तेल कोणी घातलं?"

मी हात वर केला. मग परबने केला. मग युसूफने, चहाच्या किटलीसकट!

आम्ही तिघे एकमेकांकडे बघतच राहिलो.  अबू नासरनी रायफल अलगद माझ्या बाकावर ठेवली, परबच्या हातात फडका दिला आणि खुर्चीवर बसले.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एका गिऱ्हाइकाने वाकून विचारलं, "आज दुकान बंद आहे का?"

"बंद कसं असेल?" अबू नासर म्हणाले. "अजून उघडलंच नाही! आत या, चहा घ्या."