दुपारचं कुटणं

चाळिशी उलटल्यावर वजन उतरवायला मी शाळेत सुटलेलं कथक पुन्हा शिकू लागले. केडगावातल्या आमच्या गल्लीला मात्र पत्ता लागू द्यायचा नव्हता. तिथं नुकतंच केबल आलं होतं. मला त्याहून मोठी करमणूक व्हायचं नव्हतं. एका दुपारी घरात पाय आपटत तत्काराचा सराव चालला होता, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

“काय कुटताय वं? आमचं छत हालतंय.”

“मसाला,” मी धापा टाकत ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी काकू दोन किलो मिरच्या घेऊन हजर! “आमच्याबी तेवढ्या कुटून द्या.”

मिरच्या मी गुपचूप डंकावर कुटायला टाकल्या आणि दुपारी घरी मनसोक्त नाचले.

खालून काकू ओरडल्या, “चांगलं बारीक हुंद्या, बाई!”

“तेच तर चाललंय, काकू!”