भेगेपाशी चुकणारा ठोका

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, पण काल नातीच्या नव्या चेंडूचा रबरी वास आला आणि राहवेना. मलकापूरला मी प्राचार्य असताना मुलींच्या बास्केटबॉलच्या कोच मॅडमनी कोर्टावरच्या भेगेसाठी तीन अर्ज दिले. मी ते ड्रॉवरमध्ये टाकले. मग त्यांनी मुलींना चेंडू आपटत नेताना भेगेआधी हात बदलायला शिकवलं, त्यामुळे तिथे चेंडूचा एक ठोका चुकायचा. एक नवी मुलगी ते विसरली, पडली, तिचा पाय मोडला. संस्थेपुढे मी म्हणालो, अर्ज आलाच नाही. मॅडमची बारा वर्षांची नोकरी गेली. दुसऱ्याच दुपारी कुलूपबंद, रिकाम्या कोर्टावरून आवाज आला: टप, टप, आणि भेगेपाशी चुकलेला ठोका. शिपाई हळूच म्हणाला, "सर, मले बी आयकू येते. पन चेंडू तं सारे कपाटात हायेत." निवृत्तीपर्यंत तो आवाज रोज येत राहिला. शेवटी मी मॅडमच्या घरी दुसरबीडला गेलो. "सर, तुम्ही? बसा ना," म्हणत त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "त्या पोरीचा पाय बरा आहे ना?" मी मान हलवली, चहा संपवला. "मॅडम, अर्ज माझ्याकडेच होते, मला माफ करा," हे म्हणालो ते परतीच्या एसटीत, खिडकीच्या काचेला.